तुझा डावा डोळा

विलास, तुझा डावा डोळा मी बिघडवला, असं तुझ्या घरातले म्हणतात. मी म्हणतो, तो तसाच होता. निकाल द्यायला तू नाहीस, म्हणून हे तुलाच लिहितो आहे. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा वेडेपणा आहे हे मला कळतं. पण लाइट गेल्यावर, माईक मेल्यावरही मी दोन-दोन षटकांची कॉमेंट्री करत राहिलोय आणि ती तू बाउंड्रीवर बसून ऐकली आहेस. समोर कोणी ऐकतंय की नाही याचा विचार मी आजवर केला नाही. आता कशाला सुरू करू?

तू गेलास त्याला सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत मी रडलो थोडा, गोंधळलो फार.

तिसऱ्या दिवशी मी शहापूरहून तुझ्या घरी, वैशाखऱ्याला आलो. ओटीवर माणसं बसली होती. मी दिसलो की लोक आधीच हसायला लागतात, ही माझी दोन तालुक्यांतली ख्याती. त्या दिवशीही एक जण सवयीनं हसला आणि मग घाबरून खोकला. मंदावहिनी आतून आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"भावजी, दहाव्याचा फ्लेक्स तुमी करा."

"मी?"

"मग कोण? त्यांचं काम तुमालाच येतं. तुमीच सांगता ना माईकवर."

आता हे खरं. प्रत्येक क्रिकेट स्पर्धेत, प्रत्येक हळदीत मी गर्जना केलेली आहे: "हे जे देखणं चित्र आपण बघताय, ते मुरबाडच्या आमच्या विलासशेठचं! आणि त्यात अर्धा हात आमचा!" टाळ्या पडायच्या. माझा अर्धा हात म्हणजे काय, तर चहाचा ग्लास धरून मोकळा राहिलेला. त्याचं बोट मी तुझ्या स्क्रीनवर टेकवायचो आणि सांगायचो, "इथं जरा गोरा कर." तू म्हणायचास, "बोट काढ, डाग पडतो."

एवढंच माझं शिक्षण. वीस वर्षं तुझ्या दुकानातल्या त्या डगमगत्या स्टुलावर बसून झालेलं. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर तुझं ते दुकान, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं बाहेरूनच बोलायचं. सकाळची स्पर्धा आटपून संध्याकाळच्या हळदीपर्यंत माझा जो वेळ मोकळा असायचा, तो सगळा मी त्या स्टुलावर ओतला. मी गोष्टी सांगायचो, तू माउस हलवत चेहरे कापायचास. धसईच्या शेतातल्या अजगराची गोष्ट तर तू मला शंभर वेळा तरी सांगू दिली असशील.

"बारा फुटांचा होता, विलास. बारा!"

तू माउस सोडायचास, मान वळवायचास, डावा डोळा बारीक करायचास.

"दोन फूट कमी कर."

"बरं, दहा."

"हां. आता बोल पुढं."

गिऱ्हाइकालाही तू हेच सांगायचास. कोणी दहा फुटी फ्लेक्स मागितला की, "दोन फूट कमी कर, झाडात अडकेल." मला कधी कधी वाटायचं, अजगर आणि फ्लेक्स यांत तुला फरकच कळत नाही.

लोकांना वाटतं ती चार रंगांची कला तुला स्वप्नात सुचली. मी तिथं होतो. कला वगैरे काही नाही, तुझी अडचण झाली होती. दहाव्याच्या फ्लेक्ससाठी माणसं फोटो काय आणायची? आधार कार्डाची झेरॉक्स. नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो, आणि त्यात मागच्या रांगेत चिंचोक्याएवढं डोकं: "हे आमचं बाबा." वाड्या-पाड्यांवरच्या लोकांकडे तर तेवढंही नसायचं. चिंचोक्याएवढं डोकं सहा फुटांवर ताणलं की माणूस निघून जातो आणि नुसते चौकोन उरतात. मग तू फोटो फेकून चेहरा ठेवायला शिकलास. फोटो तळाला घालायचा, त्यावर एकेक थर चढवायचा, आणि प्रत्येक थरावर रेघ ओढत सावलीचा आकार कापायचा. काळा, गडद, फिका, पांढरा. चारच. शेवटी तळाचा फोटो लपवायचा आणि वरचा माणूस उभा राहायचा, ठसठशीत, भिंतीएवढा केला तरी न फाटणारा.

आणि कापायला घेण्याआधी तू घरच्यांना एकच प्रश्न विचारायचास. नाव नाही, तारीख नाही. "काय पुसायचं नाय?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चहा सांडला होता. समोर ठाकूरवाडीतली बुधीआजी बसली होती, नवऱ्याच्या आधार कार्डाची चुरगळलेली झेरॉक्स घेऊन. तिला प्रश्न कळला नाही. तू परत सांगितलंस, "आजी, मी आता याचा चेहरा साफ करनार. डाग जातील, सुरकुत्या जातील. काय ठेवू?"

म्हातारीनं बराच विचार केला. मग स्वतःचा कान धरला. "ह्यो ठेव. बैलानं फाडलेला. तवा लई रडला व्हता त्यो."

झेरॉक्सवर कानाच्या जागी नुसता काळा ठिपका होता. तू म्हातारीला आपल्या कानावर बोटानं फाट काढून दाखवायला लावलीस आणि दोन दिवस एका कानाशी झगडलास. मी म्हटलं, "अरे, लांबून कोणाला दिसणार?" तू म्हणालास, "तिला." फ्लेक्स लागला तेव्हा म्हातारी हारापर्यंतही पोचत नव्हती, तरी टाचा उंच करून तिनं कानाकडे हात नेला. मी तिथं माईकशिवाय उभा होतो आणि मला काहीही सुचलं नाही. ही गोष्ट मी कुठल्याच कार्यक्रमात सांगितली नाही, हे तुला माहीत आहे का?

या सगळ्याचा परिणाम असा झाला की आपल्याकडे चार रंगांतला चेहरा रस्त्याकडेला दिसला की लोक मोटरसायकल हळू करून हात जोडू लागले. नाव नंतर वाचायचे.

आणि हे माहीत असून तू माझ्या पन्नाशीचा फ्लेक्स चार रंगांत केलास!

विलास, त्या सकाळी शहापुरात काय झालं ते मी तुला नीट सांगितलंच नाही, कारण मी भांडायला आलो होतो. आता सांगतो. मंडळाच्या पोरांनी पहाटे नाक्यावर फ्लेक्स बांधला. आठ वाजेपर्यंत माझ्या दारात सात माणसं. एक जण टोपी काढून उभा. किन्हवलीची मावशी पिठलं-भाकरीचा डबा घेऊन रिक्षातून उतरली ती हंबरडा फोडतच. दार मीच उघडलं. मावशीनं मला बघितलं, डबा खाली ठेवला आणि थाडकन माझ्या मुस्काटात मारली. "मेल्या, जिता हायस तर सांगायचं नाय का?" खाली मोठ्या अक्षरात "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" लिहिलेलं होतं, पण वाचतो कोण?

एवढ्यावर मी हसलो असतो. खरंच हसलो असतो, पुढची दहा वर्षं ही गोष्ट विकून खाल्ली असती. पण मग मी स्वतः नाक्यावर गेलो आणि तो चेहरा बघितला. बत्तीस दात दाखवल्याशिवाय माझा एक फोटो जगात नाही. आणि तू मला तोंड मिटून बसवलं होतंस. ओठ मिटलेले, नजर खाली, डोळ्यांखाली तो फिका रंग. शेवटची एसटी चुकलेल्या माणसासारखा मी माझ्याच नाक्यावर टांगलेला.

मी तडक मुरबाड गाठलं. स्टुलावर बसलोही नाही.

"हा मी नाही."

"तूच हायस."

"माझा असा फोटो कुठून आणलास तू?"

"फोटो नाय. रोज समोर बसतोस, त्यावरून केला."

"मी तुझ्यासमोर असा बसतो?"

"गोष्ट संपली की."

मी काय बोललो ते लिहीत नाही, तुला पाठ आहे. मी नाक्यावरचा फ्लेक्स उतरवला आणि त्या दिवसापासून तुझ्या दुकानाची पायरी चढलो नाही. सात आठवडे. मुरबाडला आलो तरी स्टँडच्या मागच्या अंगानं जायचो, चोरासारखा. पाचव्या आठवड्यात तुझा मेसेज आला: "दात काढलेला फोटो पाठव. दुसरा करतो." मी वाचला. मी वाचला हे तुलाही तिकडे दिसलं असणार. माझ्या फोनमध्ये दात काढलेले शेकड्यांनी फोटो आहेत, विलास. मी त्यातून निवडत होतो, हे खरं आहे. पण निवडताना मनात एक असंही होतं की थांबू दे जरा त्याला. किती दिवस थांबवणार होतो ते मी ठरवलं नव्हतं. दोन आठवड्यांनी मंदावहिनींच्या भावाचा फोन आला.

तर असा मी, अर्धा हात, तुझ्या खुर्चीत बसलो. स्टुलावर कोणी नव्हतं. दुकानाची किल्ली वहिनींनी दिली आणि तुझी लेक प्राची, जी कल्याणला नर्सिंग शिकते, तिनं फोनमधला तुझा एक फोटो पाठवला. ओटीवर वाल सोलत बसला आहेस, वर बघितलं आहेस. मी तो तळाला घातला. सगळी बटणं आठवत गेली, बोटांना नाही, डोळ्यांना. तू कुठे क्लिक करायचास ते मला पाठ होतं, का करायचास ते नव्हतं. पहिल्या दिवशी तुझं नाक तीनदा उजवीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी तू कुठल्याशा पुढाऱ्यासारखा दिसायला लागलास, तेव्हा मी घाबरून सगळं पुसलं. तिसऱ्या दिवशी दुपारी काळ्याच्या शेजारी गडद नीट बसला आणि एकदम कपाळ आलं. तुझं कपाळ! मी दुकानात एकटा ओरडलो. बाहेरून एक जण डोकावून विचारतो, "विलासशेठ हायत का?" मी म्हटलं, "येतायत."

फक्त डोळे जमेनात. फोटोत दोन्ही डोळे सारखे होते, आणि सारखे डोळे असलेला तू मला तू वाटेनास. "फोटोत कधी कधी माणूस चुकतो," असं तूच म्हणायचास. मग मी फोटो लपवला आणि आठवणीतून डावा डोळा कापला: बारीक, बाहेरच्या कोपऱ्यात एक घडी. आणि बघतो तर काय, तू! तू समोर! आता "दोन फूट कमी कर" म्हणशील असा. हनुवटीखाली काही काळे ठिपके होते, तेही मी एकेक करून साफ केले, गुळगुळीत केलं. म्हटलं, विलासशेठ, मेल्यावर तरी चिकणे दिसा.

आठव्या दिवशी सहा बाय चार छापून, गुंडाळी खांद्यावर टाकून मी तुझ्या ओटीवर आलो. लग्नात अंतरपाट दूर करतात तशा थाटात ती उलगडली. मला टाळ्यांची सवय आहे, मी थांबलो.

प्राचीनं फोन काढून तुझा फोटो फ्लेक्सशेजारी धरला.

"काका, हे बाबा नाहीत."

अगदी तसंच वाक्य. आठ आठवड्यांपूर्वी मी तुझ्या तोंडावर मारलं होतं तेच.

"अगं, नीट बघ. डोळा बघ."

"डोळाच चुकलाय. बाबांचे डोळे सारखे होते. हे बघा फोटोत."

"फोटोत चुकलंय! मी वीस वर्षं बघतोय त्याला."

"मी पण वीस वर्षंच बघतेय, काका. हा असा डोळा बारीक करून बघणारा माणूस मला माहीतच नाय."

मी ओटीवर वकिलासारखा हात नाचवत साक्षीदार शोधू लागलो. शेजारचे म्हणाले, सारखे होते. तुझा मेहुणा म्हणाला, सारखे. दूध घालणारा म्हणाला, मी चेहऱ्याकडे कधी बघितलंच नाय. मग मंदावहिनी पुढे आल्या. फ्लेक्सच्या कडेला बसल्या आणि तुझ्या डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला.

"हा डोळा हाय त्यांचा," त्या म्हणाल्या.

"बघा!" मी म्हटलं.

"पन आमच्यासाठी नाय. तुमी बोलायला लागलात की ते असा करायचे. तुमी पायरी उतरलात की डोळा परत जागेवर. मला वाटायचं, तुमाला माहीत असेल."

ओटीवर सगळे गप्प. मीही. माझ्या आयुष्यातली ही दुसरी वेळ.

"का करायचा असा?" मी विचारलं.

"मी विचारलेलं एकदा. हसले नुसते." मग त्यांनी फ्लेक्सवर तुझ्या हनुवटीखाली बोट फिरवलं, काहीतरी शोधल्यासारखं. "आनि भावजी, इथले केस कुठं गेले?"

"कुठले केस?"

"दाढी करताना राहायचे ते चार. रोज. छोट्या आरशात दिसायचंच नाय त्यांना. मी रोज बोलायची."

वीस वर्षांत ते चार केस मी बघितले नव्हते. बघितले तेव्हा डाग समजून पुसले. तुझा तो एक प्रश्न, जो मी माईकवरून दोन तालुक्यांना अभिमानानं ऐकवलाय, तो तुझ्याच घरात विचारायला मी विसरलो होतो. मला वाटलं, मला काय विचारायचंय? मला सगळं माहीत आहे.

मी फ्लेक्स गुंडाळला आणि परत दुकानात आलो. डोळे सारखे केले, फोटोबरहुकूम. चार केस लावले. त्या चार केसांना पूर्ण दुपार लागली, तू कानाला दोन दिवस का घेतलेस ते तेव्हा कळलं. दहाव्याला नदीवर तो दुसरा फ्लेक्स लागला. प्राची रडली आणि मान हलवून मला "हो" म्हणाली. वहिनींनी हनुवटीला हळद-कुंकू लावतात तसं बोट लावलं. लोक म्हणाले, हुबेहूब विलासशेठ. आणि मी लोकांच्या मागे उभा राहून एका अनोळखी माणसाला हात जोडले. चांगला माणूस वाटला. सारख्या डोळ्यांचा. त्याच्याशी माझी ओळख करून द्यायला तू हवा होतास.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. घरी येऊन बायकोला विचारलं, "मी हसत असतो ना गं नेहमी?" ती भांडी घासता घासता म्हणाली, "घरात कुठं हसता? तुमाला माईक लागतो." मी म्हटलं, विलासकडे मी कसा असायचो? "मला काय ठाव," ती म्हणाली, "तिकडं मला कधी नेलं?" म्हणजे तो पन्नाशीचा चेहरा खरा होता का? गोष्ट संपली की मी तसा बसायचो का? मला आठवत नाही. मला फक्त माझ्या गोष्टी आठवतात आणि तुझा डोळा. त्या डोळ्याचंही आता काही खरं नाही. तू मला पक्का थापाड्या समजून तो बारीक करायचास, की आतून हसू फुटू नये म्हणून? वीस वर्षं मी धरून चाललो होतो की तुझा चेहराच तसा आहे. मी कधी विचारलं नाही, कारण प्रश्न आहे हेच मला माहीत नव्हतं. आणि तू तो मेसेज पाठवलास, तो माझं खरं वाटून, की मला खूश करायला? बघ, एका गेलेल्या माणसाला मी किती कामाला लावतोय.

तुझा नापास फ्लेक्स मी टाकला नाही. आपल्याकडे फ्लेक्स कोण टाकतो? अर्धा तालुका पुढाऱ्यांच्या तोंडांनी पेंढा झाकतो. माझ्या घरामागे सरपणाची खोप आहे. नाक्यावरून उतरवलेला माझा पन्नाशीचा फ्लेक्स मी रागानं तिच्याच मागच्या कुडाला मारला होता, तोंड आतल्या बाजूला, म्हणजे कोणाला दिसू नये. परवा तुझा समोरच्या बाजूला बांधला, तोही तोंड आत करून. आता मी तोंड मिटून खाली बघत बसलोय आणि तू डावा डोळा बारीक करून माझ्याकडे बघतोयस. मधे लाकडं.

आज सकाळी बंबाला लाकडं आणायला आत गेलो. दोन ओंडके उचलले, मग खाली ठेवले आणि त्यावरच बसलो. म्हटलं, विलास, धसईच्या त्या शेतात गवत कापायला वाकलो आणि बघतो तर काय, अजगर! बारा फुटांचा!

तू काहीच बोलला नाहीस. डोळा तेवढाच बारीक. मी वाट बघितली, बाहेरून बायकोनं दोन हाका मारल्या तरी बघितली.

मग मीच दोन फूट कमी केले, आणि पुढं सांगायला लागलो.